वत्सलाबाईंचे नऊ तट्टू

कुंभकोणमजवळच्या मेलकावेरीतल्या वत्सलाबाईंच्या घराला घर म्हणायचं की खोली, याबद्दल त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचं मत अगदी ठाम होतं. "वत्सलाचें घर? तें घर नव्हे, आगपेटी आहे," असं अलमेलूबाई चारचौघांत म्हणत आणि स्वतःच हसत. वत्सलाबाईही हसत. हसून झालं की घरी येत आणि काहीतरी टांगत.

हे टांगणं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. एका मोठ्या जुन्या घराचे मालकानं तुकडे करून भाड्यानं दिले, त्यातला सगळ्यांत लहान तुकडा वत्सलाबाईंच्या नवऱ्याच्या, रंगारावांच्या वाट्याला आला. समोर एक खोली, तिच्यामागे एकच माणूस वळू शकेल एवढं स्वयंपाकघर, आणि खोलीतूनच गच्चीवर जाणारा उभा दगडी जिना. पूर्वी या खोलीत मालकांचा झोपाळा होता. झोपाळा त्यांचा मुलगा चेन्नईला घेऊन गेला आणि तुळयांना ठोकलेल्या चार लोखंडी कड्या तेवढ्या मागे राहिल्या. रंगाराव पितळी भांड्यांच्या दुकानात नोकरीला, स्वभावानं सावध. ते म्हणाले, "कड्या काढून टाकूं. कोणाच्या तरी डोक्यास लागतील." वत्सलाबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "काढायच्या नक्को. खालीं जागा नाहीं तर नाहीं. वर किती आहे, पाहा तरी!"

तेव्हापासून या बाईंचं घर वरच्या अंगाला वाढत गेलं. कार्तिकात सगळे पणत्या जमिनीवर मांडतात. यांच्याकडे पणत्या जमिनीवर ठेवल्या तर माणसांनी चालायचं कुठून? म्हणून त्या शिंक्यांत बसत आणि कड्यांपासून निरनिराळ्या उंचीवर लोंबत. रंगाराव तो सबंध आठवडा वाकून चालत. मार्गळीत, म्हणजे ऐन थंडीच्या महिन्यात, गावभर रस्ते भरून रांगोळ्या पडतात. यांच्या दारापुढची फरशी वीतभर, म्हणून यांची रांगोळी उंबरठ्यावरून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चढे. तैं महिन्यात, म्हणजे संक्रांतीपासून, दाराला नव्या भाताच्या लोंब्यांचा झुबका बांधला जाई आणि चिमण्या तो हक्कानं खात. आषाढात, म्हणजे तिकडच्या आडी महिन्यात, कावेरीला नवं पाणी आलं की खिडकीच्या गजांना पिवळे दोरे, काळे मणी आणि ताडपत्राच्या वळ्या लागत, वाऱ्यावर खुळखुळत.

गोकुळाष्टमीची तर गंमतच. कृष्णाची पावलं दारापासून देवापर्यंत काढायची असतात. या घरात दार आणि देव यांच्यात अंतरच नाही. कृष्ण आत आला की पोचला. वत्सलाबाईंना ते पटेना. एवढा लांबून आलेला देव, त्याला घर नको का दाखवायला? मग त्यांचा कृष्ण दारातून येऊन आधी बाजेखालून जाई, ट्रंकेवर चढून उतरे, स्वयंपाकघरात लोण्याच्या भांड्याशी घोटाळे आणि मग कुठं देवापाशी जाऊन बसे. हरिणी, त्यांची एकुलती एक मुलगी, लहानपणी त्या पावलांवर पावलं ठेवत तसंच सगळं घर फिरायची.

नवरात्रातली शोभा या सगळ्यावर कडी. तिकडे घरोघरी कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या बसवतात. अलमेलूबाईंकडे खास करून घेतलेल्या लाकडी पायऱ्या होत्या, त्या मांडल्या की अर्धा हॉल भरे. वत्सलाबाईंनी काय करावं? जिनाच धुतला, पांढरं वस्त्र अंथरलं आणि तळापासून गच्चीच्या दारापर्यंत बाहुल्या बसवल्या. नऊ दिवस गच्ची बंद. रंगारावांची धोतरं खिडकीत वाळत, आणि कुणी विचारलं तर ते गंभीरपणे सांगत, "वर देव बसले आहेत, जातां येत नाहीं."

सजवण्याचा हा हात गल्लीलाही ठाऊक झाला होता. तिरुनागेश्वरमचा मणी पोय्क्काल कुदिरै नाचवणारा. म्हणजे वेताच्या सांगाड्यावर कागद-कापड चढवून केलेला पोकळ घोडा. माणूस त्याच्या मध्यावर उभा राहून तो खांद्यांना अडकवतो आणि स्वतःच्या पायांनी नाचवतो. दर वर्षी जत्रांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मणी फाटक्या तोंडाचे घोडे घेऊन वत्सलाबाईंच्या दारी येई. त्या खळीनं कागद चिकटवून त्यांना नवी तोंडं देत, आणि झुलीला आपल्या जुन्या साड्यांचे काठ लावत. गावात कुठंही त्याचा घोडा नाचला की बायका म्हणत, ही वत्सलाच्या लग्नातली मोरपंखी.

इतकं सगळं असून त्या घरात कार्य म्हणून कधी झालं नाही. हरिणीचं बारसं अलमेलूबाईंच्या हॉलमध्ये, कान टोचले ते तिथंच, रंगारावांची साठीशांतही तिथंच. दर वेळी विषय निघे आणि दर वेळी अलमेलूबाई हात हलवून म्हणत, "तुझ्याकडे जागा कुठें आहे?" त्या वाईट नव्हत्या हो. हात सढळ होता, हॉल मोठा होता, फरशी संगमरवरी होती. पण कान टोचायच्या दिवशी त्या हॉलमधल्या गर्दीत कुणा पाहुणीनं वत्सलाबाईंना विचारलं होतं, "तुम्ही मुलीच्या कोण लागतां?" त्या दिवशी घरी येऊन वत्सलाबाई रडल्या. स्वतःच्या मुलीच्या कार्यात आपण पाहुण्या, हे त्यांना फार लागलं. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: एकदा तरी, एकच कार्य, आपल्या दारात.

हरिणी शिकली, बंगळूरला नोकरीला लागली आणि तिथं तिनं पुण्याचा गिरीश पसंत केला. मराठी मुलगा मराठी मुलीला बंगळुरात भेटला, आणि दोघांना एकमेकांची मराठी कळायला महिना लागला. तो म्हणायचा, तू ऐतिहासिक नाटकातल्यासारखी बोलतेस. ती म्हणायची, तूं फार भराभर बोलतोस. दोन्ही खरं होतं. तंजावरकडच्या या मराठी लोकांची भाषा तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली ती तशीच राहिली. अनुस्वार जुने, आणि मधेमधे तमिळ शब्द इतके मुरलेले की ते तमिळ आहेत हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

"निश्चय आपल्या घरीं होणां," हरिणी म्हणाली. त्यांच्या बोलीत 'होणां' म्हणजे 'हवा', आणि निश्चय म्हणजे साखरपुडा. वत्सलाबाईंनी मुलीकडे पाहिलं, आणि मग वर कड्यांकडे.

अलमेलूबाईंना हे कळल्यावर त्या लगेच आल्या. "त्यांच्याकडचीं माणसें किती?"

"दहाबारा, अक्का."

"बसवणार कुठें? कडीस टांगून?" मग जरा नरमल्या. "बरें, कर तुझ्या मनासारखें. पण त्यांच्यांतल्या एकानें जरी विचारलें, दुसरी जागा आहे कां, तर मग बोलायचें नाहीं. सगळे माझ्या हॉलांत. मी किल्ली कमरेस लावूनच येतें."

"सरी," वत्सलाबाई म्हणाल्या. म्हणजे, कबूल.

आता घोटाळा झाला तो एका फोनमुळं. गिरीशला वडील नव्हते; सगळी सूत्रं त्याच्या काकांच्या, मुकुंदरावांच्या हाती. माणूस मोठा उमदा, पण इतिहासाचा भारी नाद. तंजावर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर आधी घोडदळ उभं राहायचं. त्यांनी एका सकाळी वत्सलाबाईंना फोन केला, "वहिनी, तुमच्याकडच्या रीतीभाती सांगा, आम्ही काय आणायचं?"

तिकडची रीत अशी की दोन्ही बाजूंनी फळं, फुलं, पानसुपारी, हळदकुंकू, साडी असं सगळं ताटांत सजवून वाजतगाजत न्यायचं. ताटाला तमिळमध्ये म्हणतात तट्टु. रंगारावांच्या दुकानात जन्मभर तट्टु, घरात जेवायला तट्टु; 'ताट' हा शब्द वत्सलाबाईंनी शेवटचा कधी वापरला होता देव जाणे.

"आम्ही नऊ तट्टू सजवतों," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती आणतां?"

पलीकडून प्रश्न आला, "तट्टू?"

"होय. तुमच्यांत नसतात कां?"

"असणार हो, पूर्वी असणार," मुकुंदराव चाचरले. "आता पुण्यात कुठले आणायचे?"

"राहूं द्या मग. आमच्यांतलेच तुम्हांस देतों. गल्लीच्या तोंडाशीं ताब्यांत घ्या, वाजवीत दारापर्यंत आणा. आंत आम्ही घेतों."

"आत? म्हणजे थेट घरात?"

"मग बाहेर कोण ठेवील! घरांतच ओळीनें मांडतों."

"पण मावतात?"

हा प्रश्न नेमका दुखऱ्या जागी बसला. वत्सलाबाईंचा आवाज चढला. "मावतात की! न मावायास काय झालें? आमच्या घरांत सगळें मावतें!"

"तसं नव्हे, तसं नव्हे," मुकुंदराव घाईघाईनं म्हणाले. "घराणं तुमचं जुनं, राजवाड्याशी संबंध होता असं गिरीश म्हणत होता."

"होता. ह्यांचे पणजोबा राजांच्या पदरीं होते," वत्सलाबाईंनी अभिमानानं सांगितलं. पणजोबा तिथं मोडी कागदांच्या नकला उतरवीत हे सांगायचं त्यांना सुचलं नाही, आणि मुकुंदरावांना विचारायचं सुचलं नाही. त्यांनी फोन ठेवला तो सरळ पागोट्यांच्या दुकानात जाण्यासाठी.

निश्चय तैं महिन्यातला. आदल्या दिवशी सकाळी पुण्याची मंडळी कुंभकोणमला उतरली आणि महामहम तळ्याजवळच्या एका लॉजमध्ये राहिली. दुपारी गिरीशचा हरिणीला फोन आला. हरिणी जिन्याच्या पायरीवर बसून बोलत होती. बोलता बोलता हसायला लागली, आणि इतकी हसली की फोन हातातून पडला.

"अम्मा, ते घोड्यांवर बसणार आहेत!"

"कोण?"

"गिरीशचे काका. तूं त्यांस नऊ तट्टू सांगितलेस म्हणे. त्यांच्या मराठींत तट्टू म्हणजे लहान घोडा! काकांनीं सगळ्या नातलगांस सांगितलें, घरांत नऊ घोडी बांधतात, मोठा वाडा आहे, चला पाहायला. दहाबारा नव्हेत, तिसांच्या वर आले आहेत. आत्या घाबरून बसल्या आहेत, घोड्यावरून पडलें तर काय."

रंगाराव हसले. अलमेलूबाईंची मुलगी सुष्मिता मदतीला आली होती, तीही हसली. वत्सलाबाईंना मात्र हसू आलं नाही. त्या खालच्या पायरीवर टेकल्या. वाडा पाहायला आलेत ते. उद्या या गल्लीत येतील, इकडं तिकडं वाडा शोधतील, आणि मग हे दार दिसेल. चूक आपल्या तोंडून गेली, आणि तीही मराठी बोलताना, याची त्यांना फार लाज वाटली.

बातमी पोचायला वेळ लागला नाही. तासाभरात अलमेलूबाई दारात. या वेळी त्या हसल्या नाहीत. आवाज चक्क मायेचा होता. "वत्सला, ऐक. दहाबारांचें निराळें होतें. आतां हट्ट नक्को. हॉल झाडून घेतला आहे, खुर्च्या मांडल्या आहेत. मुलीची शोभा होऊं नये."

रंगाराव फरशीकडे बघत म्हणाले, "अक्का म्हणतात तें कांहीं चुकीचें नाहीं."

वत्सलाबाई हो म्हणणारच होत्या. होकार अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात त्यांची नजर जिन्याकडे गेली. खालच्या पायरीवर त्या स्वतः, दोन पायऱ्या वर हरिणी, तिच्यावर सुष्मिता, आणि सगळ्यांत वर रंगारावांनी वाळत घालायला नेता नेता विसरलेली कपड्यांची टोपली. नवरात्रात त्या या जिन्यावर शंभरावर बाहुल्या बसवत. कुठल्या बाहुलीला कधी म्हटलं नव्हतं की तुला जागा नाही.

त्या उठल्या आणि पदर खोचला. "अक्का, हॉल तसाच झाडून राहूं द्या. उद्यां मी कोलू मांडणार."

"तैं महिन्यांत कोलू?"

"माणसांचें."

अलमेलूबाईंनी रंगारावांकडे पाहिलं. रंगारावांनी मान हलवली. त्यांना या आवाजाची ओळख होती, आणि या आवाजापुढं आपलं काही चालत नाही हेही माहीत होतं.

मग त्या दुपारी जे काही झालं ते बघायला गल्ली लोटली. खोलीतून आधी सगळं बाहेर गेलं: ट्रंका, मिक्सर, टीव्ही, शेजाऱ्यांच्या घरांत वाटून दिले. राहिली बाज. ती कुणाच्याच दारातून आत जाईना. "हीस कुठें ठेवणार?" रंगारावांनी विचारलं. वत्सलाबाईंनी वर बोट केलं.

कावेरीकाठच्या माणसांकडून जाडजूड दोर आणले. बाज उचलली, चार पाय चार कड्यांना बांधले आणि ती छताजवळ जाऊन बसली. रंगारावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "व्याह्यांच्या डोक्यावर पडली म्हणजे?"

"लोंबून पाहा."

"मी?"

"मग काय व्याह्यांस सांगूं?"

साठी उलटलेले रंगाराव बाजेला धरून लोंबकळले. पाय अधांतरी, धोतर सावरायला हात मोकळा नाही. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. बाज जागची हलली नाही.

मग बाजेच्या सुतळीच्या विणीत खालच्या बाजूनं फुलं गुंफायला सुरुवात झाली. एक चौकट मोगऱ्याची, एक अबोलीची, कडेनं मरवा. हरिणी आणि सुष्मिता जिन्यावरून हात लांब करून गुंफत होत्या, वत्सलाबाई खालून सांगत होत्या. संध्याकाळ होईतो खोलीला फुलांचं आभाळ आलं. जिन्याच्या पायऱ्यांवर गाद्यांऐवजी घड्या केलेल्या नऊवारी साड्या पडल्या, प्रत्येक पायरीला वेगळा काठ. दाराला दोन्ही बाजूंनी अख्खे ऊस, वर लोंब्यांचा झुबका. चपलांची सोय बाहेरच्या भिंतीवर खुंट्या मारून. जेवण गच्चीवर, मांडव घालून; एक पायरी उठेल, वर जाईल, जेवून येईल, मग दुसरी.

अलमेलूबाई हे सगळं कोपऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. मधेच त्यांनी न राहवून अबोलीचा एक गजरा सरळ केला. पण बोलल्या ते असं: "आणि घोडे? त्यांस काय दाखवणार आहेस?"

वत्सलाबाई थांबल्या. मग मात्र त्यांना हसू फुटलं, दुपारपासून अडून राहिलेलं. त्यांनी फोन उचलला आणि मणीला लावला.

दुसऱ्या दिवशी पुण्याची मंडळी गल्लीच्या तोंडाशी आली. पुढं मुकुंदराव, डोक्याला गुलाबी पागोटं, मिशा पिळलेल्या. मागं तिसांवर माणसं, आणि सगळ्यांत मागं काठी टेकत आत्या, घोड्यापासून जितकं दूर राहता येईल तितक्या दूर. मुकुंदराव गल्लीत वाडा शोधत होते. गल्लीत वाडा नव्हता. साड्या नेसलेल्या नऊ बायका तेवढ्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात चकाकतं पितळी ताट.

वत्सलाबाई पुढं झाल्या. रात्रभर त्यांनी वाक्य जुळवलं होतं, पण ऐन वेळी जुळवलेलं सगळं गेलं आणि जे मनात होतं तेच तोंडी आलं. "मुकुंदराव, हे आमचे नऊ तट्टू. ताटास आम्ही तट्टू म्हणतों. तमिळ शब्द आहे, मला कळलेंच नाहीं. वाडा नाहीं, घोडी नाहींत. एक खोली आहे आमची. चूक माझी झाली."

मुकुंदराव ताटांकडे पाहत राहिले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. हरिणीनं दारातून आईकडे पाहिलं.

"पण तुम्हांस तट्टू कबूल केले आहेत," वत्सलाबाई पुढं म्हणाल्या. "आमच्या दारीं येऊन तुम्ही चालत कसें जाल?"

त्यांनी हात वर केला. गल्लीच्या कोपऱ्यावर तविलाचा ढोल कडाडला, नादस्वरम् उठलं, आणि मणी आणि त्याचा साथीदार घोड्यांची जोडी घेऊन वळणावरून नाचत आले. एक पांढरा, एक तांबडा. नवी तोंडं, डोळ्यांत काजळ, गळ्यात झेंडूच्या माळा, आणि झुलीवर वत्सलाबाईंच्या लग्नातल्या मोरपंखी शालूचा काठ.

मुकुंदराव आधी थक्क झाले. मग हसू लागले, आणि एकदा सुरू झालेलं ते हसू आवरेना. पागोटं तिरपं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. "वहिनी, मी सबंध पुण्याला सांगून आलोय हो!" ते म्हणाले. "आणि तुम्ही माझा शब्द खरा केलात! पांढरा गिरीशला. तांबडा माझा."

मणीनं दोघांच्या खांद्यांवर पट्टे चढवले. गिरीश लाजत लाजत चालला. मुकुंदराव मात्र तविलाच्या ठेक्यावर असे काही नाचले की पोरं ओरडू लागली, वरच्या खिडक्या उघडल्या आणि रस्त्यावरचा पानवाला दुकान सोडून बघायला आला. आत्यांनी भीत भीत तांबड्या घोड्याच्या तोंडावरून हात फिरवला. "हा चावत नाही ना?" त्यांनी विचारलं, आणि तिथून पुढं त्या सगळ्यांत पुढं चालल्या.

दारात मंडळी आली आणि थबकली. आत खोली होती की फुलांचा गाभारा, पहिल्यांदा कळेना. वत्सलाबाई उंबरठ्यावर उभ्या राहून एकेकाला बसवू लागल्या, बाहुल्या बसवाव्यात तशा. उंच माणसं वर, बुटकी खाली, म्हातारी माणसं टेकायला भिंत आहे अशा बाजूला. "तुम्ही तिसऱ्या पायरीवर, दादा. ताई, तुम्ही या, येथून हरिणी दिसेल." जिना भरत गेला. कुणाचं डोकं कुणाच्या आड आलं नाही. बाजेखाली पाटांवर हरिणी आणि गिरीश, समोर नऊ ताटं अर्धगोलात. मुकुंदरावांना मानाच्या जागी, खाली पुढं बसवलं.

गुरुजींनी संकल्प सांगितला. लग्नपत्रिका वाचायची वेळ झाली. आणि मुकुंदराव चुळबुळ करू लागले. एकदा इकडं वळले, एकदा तिकडं, मग हळूच म्हणाले, "वहिनी, दुसरी जागा आहे का?"

पाहुण्यांना काही कळलं नाही, पण घरची माणसं होती तिथं थिजली. रंगारावांनी डोळे मिटले. अलमेलूबाईंचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

"कां हो?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे इथं बसून ती फुलांची बाज नीट दिसत नाहीये. मान वर करून करून दुखायला लागली." त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं. "सगळी मजा तिकडं आहे. मला त्या वरच्या पायरीवर बसवा ना! मानबिन राहू दे."

हशा असा उसळला की गुरुजींचा चष्मा घसरला. पायऱ्यांवरची सगळी माणसं एकेक जागा सरकली, आणि मुकुंदराव पागोट्यासकट वर जाऊन बसले, कोलूच्या शिखरावर राजा बसतो तिथं. वत्सलाबाईंनी वर पाहिलं. काठाकाठानं माणसं, मध्ये त्यांची मुलगी, वर फुलं, आणि सगळं त्यांच्या घरात. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांनी मुद्दाम टाळलं.

मग तांबूल बदललं, साखर वाटली, पायरी पायरीनं पंगती उठल्या. मुकुंदराव जाताना तांबडा घोडा पुण्याला नेऊ म्हणत होते. मणीनं तो मोठ्या मुश्किलीनं सोडवून घेतला. वत्सलाबाईंना मात्र त्यांनी खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "वाडा पाहायला आलो होतो. वाड्यात इतकी माणसं इतकी जवळ कधी बसली नसती."

गर्दी ओसरली. अलमेलूबाई तेवढ्या राहिल्या होत्या, दुसऱ्या पायरीवर, भिंतीला टेकून. त्या बराच वेळ वर बाजेकडे बघत होत्या. किल्ली कमरेलाच होती, पण कमरेवरचा हात खाली आला होता.

"वत्सला," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. आयुष्यात त्यांना कधी कुणाकडे काही मागावं लागलं नव्हतं. ते कसं मागायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "सुष्मितास पाहायला पुढच्या महिन्यांत लोक येतात. ती म्हणते, हॉलांत नक्को. तिचें सगळें..." त्यांनी हात गोल फिरवला, जिन्यावरून, फुलांवरून, दाराच्या उसांवरून. "येथेंच केलें तर? जागा होईल कां?"

सुष्मिता स्वयंपाकघराच्या पडद्याआड कान देऊन उभी होती. रंगाराव धोतराचा सोगा हातात धरून थबकले.

वत्सलाबाईंनी वर कड्यांकडे पाहिलं. मग जिन्याकडे. मग जाऊबाईंकडे. हे उत्तर द्यायला त्यांना सत्तावीस वर्षं लागली होती, आणि आता ती वेळ आल्यावर त्यांना कसलाही राग उरला नव्हता.

"होईल की, अक्का," त्या म्हणाल्या. "पण तुम्हांस मात्र सगळ्यांत वरच्या पायरीवर बसवणार."